पेडलची थरथर

आमच्या उज्ज्वलाला दुसरी मुलगी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. साल दोन हजार अकरा. पहिलं बाळंतपण माहेरी साताऱ्याला झालं होतं, दुसरं रीतीप्रमाणं सासरी, चिपळूणला झालं. सव्वा महिना झाला की लेकीला आणि तान्ह्या नातीला आपल्या गाडीतून माहेरी आणायचं, असं तिच्या वडिलांनी ठरवलं होतं. त्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणायची. येत्या रविवारी निघायचं होतं, आणि सोमवारी सकाळीच विहीणबाईंचा फोन आला.

"स्पष्टच विचारते हां, राग मानू नका. तुमच्या गाडीतला तो ब्रेकचा दिवा विझला का?"

"नाही अजून. बघतोय आम्ही," मी म्हणाले.

"मग तो विझल्याशिवाय आमची नात त्या गाडीत बसायची नाही. मध्ये कुंभार्ली घाट आहे, उज्ज्वलाची आई. मोठ्या माणसाचं एक असतं, तान्ह्या जिवाचं वेगळं."

मी फोन ठेवला. अप्पा पायरीवर बसून बशीत चहा ओतत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"काय म्हणतीय फौजदारीण?"

"दिवा विझवा म्हणतात."

"इझवू की. त्यात काय." त्यांनी बशी तोंडाला लावली, पण चहा काही प्यायले नाहीत. बशी तशीच खाली ठेवली. "तीस वर्षं लोकांच्या लेकी माहेरी पोचवल्या मी. सणाला, डोहाळजेवणाला, बाळंतपणाला. आपली लेक पहिल्या खेपेला एस.टी.नं आली, सातवा महिना, उभ्यानं. मी तवा मालकाच्या पाव्हण्यांना घिऊन कोल्हापुरात. आता माझी सोताची गाडी हाय. हिला मीच आणणार."

गाडी त्यांनी आदल्या वर्षीच घेतली होती. जुनीच, पण त्यांच्या नावावरची पहिली. त्या गाडीत ते कधी चप्पल घालून बसले नाहीत. दार उघडायचं, चप्पल सीटखाली सरकवायची, स्टिअरिंगच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावायचा, मग किल्ली. "पायाला गाडी कळली पायजे," म्हणायचे. "चपलीतनं काय कळतंय?"

तो दिवा डिसेंबरात लागला होता. पिवळा, गोलात तीन इंग्रजी अक्षरं. मला मराठी अक्षरं उज्ज्वलानं तिच्या दहावीच्या वर्षी शिकवली, माझ्या पंचेचाळिशीत. इंग्रजीपर्यंत आम्ही पोचलोच नाही. त्यामुळं मी त्याला नुसतं 'पिवळा' म्हणायची. दिवा लागला आणि पंधरा दिवसांत लिंब फाट्यावर गाडी उसाच्या ट्रॉलीमागं थांबता थांबेना. पुढचा बंपर ट्रॉलीत गेला. कुणाला लागलं नाही. पण ही बातमी चिपळूणला पोचायची ती पोचली.

गल्लीच्या तोंडाला बशीर मिस्त्रींचं गॅरेज. अप्पांचे ते जुने दोस्त. सोमवारी दुपारी त्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनच्या बाजूला बोट दाखवलं. पाइपांचा गुंता, त्यात लोखंडाचा एक ठोकळा, आणि ठोकळ्याला चिकटलेला काळा प्लास्टिकचा डबा.

"हा मॉड्यूल. ब्रेकचा मेंदू," बशीर म्हणाले. "आता वहिनी, तुमी जोरात ब्रेक दाबला, तर चाक जागच्या जागी अडकतं आणि गाडी घसरत जाती. हा डबा काय करतो, चाक अडकायला लागलं की ब्रेक सोडतो, परत धरतो, सोडतो, धरतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत चार-पाच वेळा. तवा पेडल पायाखाली थरथरतं. थरथरलं की समजायचं, गडी कामाला लागला."

"आणि हा कामाला लागत नाही?"

"ह्यो झोपलाय. नवा मिळायचा न्हाई, ह्या गाड्या निघायच्या बंद झाल्या. पुण्याला धाडला तर तीन आठवडे. आन् आतलं माझं काम न्हाई. आपण नटबोल्टाची माणसं."

"आत काय असतं?" मी विचारलं.

"काय असणार? सर्किटची पट्टी. त्यावर बारीक बारीक डाग."

मी अप्पांकडं बघितलं. अप्पा माझ्याकडंच बघत होते.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रेडिओच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं सोल्डरचे डाग मारले होते. एका पट्टीवर एकशे बारा डाग, दिवसाला चाळीस पट्ट्या. वाचता येत नव्हतं तेव्हापासून. रंग ओळखायचे, जागा ओळखायची आणि हात चालवायचा. कारखाना बंद झाला तेव्हा निरोपाची भेट म्हणून सगळ्यांनी भांडी मागितली, मी माझी सोल्डर गन आणि डोळ्याला लावायचं भिंग मागून घेतलं. गल्लीतले मिक्सर, इस्त्र्या, टीव्ही माझ्याचकडं यायचे.

"वहिनी, हे मिक्सरचं काम न्हाई हं," बशीर म्हणाले.

"डाग म्हणजे डाग," मी म्हणाले.

"लई बोलू नका मिस्त्री," अप्पा हसत म्हणाले. "तुमच्या घरचा टीव्ही कुणी चालू केला? गुपचूप डबा काढून द्या."

बशीरनी बॅटरीची वायर काढली, डब्यावरचा जाड कनेक्टर त्याची कडी वर उचलून ओढला, सहा स्क्रू सोडवले आणि डबा माझ्या पदरात ठेवला. ब्रेकच्या पाइपांना हातही लावावा लागला नाही. डबा वजनाला हलका, पापडाच्या लाटीच्या डब्याएवढा.

मंगळवारी दुपारी मी ओसरीवर बसले. डब्याचं झाकण डिंकानं पक्कं बसवलेलं. हेक्सॉ ब्लेडचा तुकडा घासून पातळ केला आणि कडेकडेनं हळूहळू फिरवत गेले. तासभर. झाकण निघालं तर आत सगळ्यावर पारदर्शक जेलीचा थर, शिजलेल्या साबुदाण्यासारखा. तो काडीनं बाजूला केला आणि भिंग लावलं.

पहिल्या नजरेला काहीच दिसलं नाही. डाग सगळे जागेवर. मग डबा उजेडात तिरका धरला. जाड कनेक्टरच्या पाच पिनांच्या भोवती, डागातच, केसाएवढी काळी रेघ होती. गोल, बांगडीसारखी. डाग दिसायला धड, पण पिन त्यातून सुटलेली. इंजिनच्या शेजारी बसून रोज तापायचं, रोज निवायचं, त्यानं असं होतं. रेडिओत आम्ही अशा डागाला 'लबाड डाग' म्हणायचो.

"सापडलं," मी म्हणाले.

"खरं?" अप्पा जवळ येऊन बसले, पाय पसरून. "किती?"

"पाच."

"पाचच? पाच डागांनी गाडी ट्रॉलीत घातली?"

"बॅटरी धरा नीट. हलू नका."

त्यांनी बॅटरीचा उजेड धरला. मी जुनं कथील काढायला लागले. एका पिनेवरचं कथील गनच्या टोकाला आलं, मी सवयीनं हात झटकला आणि तो वितळलेला थेंब उडून थेट अप्पांच्या उजव्या पावलावर बसला.

"अगं आई! भाजलं!" मीच ओरडले.

"कुठं?" अप्पांनी इकडंतिकडं बघितलं.

"पायावर बघा की!"

त्यांनी खाली बघितलं. चमकता मणी होता पावलावर. त्यांनी नखानं तो उडवला. "ह्ये व्हय. डायवरची कातडी हाय बाई ही. इंजनाच्या गरमीनं भाजून पक्की झालीया. तू तुजं काम कर."

मी हसले. आमच्या कारखान्यात असा थेंब पडला तर धडधाकट बाप्ये किंचाळायचे. मला त्यांचं कौतुक वाटलं, हे खोटं कशाला सांगू. संध्याकाळी तिथं रुपयाएवढा फोड आला, मी खोबरेल लावलं.

पाचही डाग नवे मारले. जेली परत सारखी केली, झाकण सिलिकॉननं बसवलं आणि बुधवारभर वाळू दिलं. गुरुवारी सकाळी बशीरनी डबा जागेवर चढवला. अप्पांनी किल्ली फिरवली. पिवळा लागला. आम्ही तिघं श्वास धरून. एक, दोन, तीन. पिवळा विझला.

"आयला!" बशीर म्हणाले. "वहिनी, उद्यापासनं गॅरेजात येऊन बसा."

"पाटी बदला मिस्त्री," अप्पा म्हणाले. "मालकीण म्हणून हिचं नाव टाका." मग मला म्हणाले, "पण मैदानावर दाबून बघितल्याशिवाय लेकीला फोन करायचा न्हाई. तुजं काम आन् माजा पाय. तिसऱ्याची साक्ष नको."

वसाहतीच्या मागं खडी पसरलेली मोकळी जागा होती. तिथं मी लिंबाच्या झाडाखाली उभी राहिले, हातात लाल फडकं घेऊन. मी फडकं हलवलं की अप्पांनी कचकन ब्रेक दाबायचा. गाडी आली, मी फडकं हलवलं, धुरळा उठला, खडी उडाली. गाडी माझ्या पुढं बरीच लांब जाऊन थांबली. मी पळत गेले.

अप्पा काचेतून बाहेर बघत होते. "न्हाई."

"काय नाही?"

"थरथरलं न्हाई."

"दिवा तर विझला ना?"

"दिवा इझला. पण घाटात दिवा कामाला येत न्हाई गं, पेडल येतं. काहीच झालं न्हाई पायाला. दगडावर पाय ठिवल्यावानी."

पुन्हा एकदा केलं. पुन्हा तेच. दिवा आणि अप्पांचा पाय यात कुणाचं खरं मानायचं, हा प्रश्नच नव्हता. ज्या माणसाला पायाखालच्या लोखंडावरनं कुठल्या चाकात हवा कमी आहे ते कळायचं, त्याचा पाय खोटं कसं बोलेल? म्हणजे माझाच डाग लबाड.

परतताना अप्पा म्हणाले, "तू वाईट वाटून घिऊ नकोस. अजून दोन दिस हायेत."

शुक्रवारी मी झाकण दुसऱ्यांदा कापलं. एकदा ब्लेड आत घसरलं आणि पट्टीपासून सुताएवढं राहिलं. भिंग लावून एकेक डाग बघितला. पाचही चकचकीत. कुठं रेघ नाही, कुठं भोक नाही. तरीही मला विश्वास वाटेना. दोन डाग पुन्हा काढले, पुन्हा मारले. त्या पाचांपलीकडचे सगळेही तपासले. डोळ्यातून पाणी यायला लागलं तेव्हा थांबले.

त्यातच उज्ज्वलाचा फोन.

"आई, खरं सांग. होणारेय का? सासूबाई रोज विचारतात. नाहीतर आम्ही दुसरी गाडी बघतो."

"होईल गं."

"अप्पांना सांगू नकोस, पण मला त्यांच्याच गाडीतून यायचंय. मी इथं सगळ्यांना सांगून बसलेय, माझे वडील येणार न्यायला."

अप्पा पलीकडं बसून माझं तोंड वाचत होते. "काय म्हणती?"

"वाट बघती म्हणते."

शनिवारी सकाळी डबा पुन्हा चढला. बशीर म्हणाले, मीपण येतो. अप्पा म्हणाले, नको. मैदानावर पोचल्यावर मी लिंबाखाली गेले नाही. शेजारच्या सीटवर बसले.

"उतर की."

"बसू द्या. मला आवाज ऐकायचाय."

अप्पांनी पट्ट्याच्या सँडल काढून सीटखाली सरकवल्या. त्या महिनाभरापूर्वी घेतल्या होत्या. त्याआधीची चप्पल अशी हरवली, की ते मंडईतून एका पायात चप्पल घालून घरी आले. उजव्या पायात काही नाही. दारात आल्यावर मी दाखवलं तेव्हा त्यांना कळलं. बशीरनी तर आठवडाभर पिच्छा पुरवला होता, "अप्पा, एक पाय कुठल्या देवाला वाहिला?" आम्ही सगळेच हसलो होतो. अप्पा सगळ्यांत जास्त.

"धरून बस," ते म्हणाले.

गाडीनं वेग घेतला. मी समोर बघत नव्हते. मी वाकून खाली बघत होते, पेडलकडं. लिंबाच्या रेषेत आलो आणि अप्पांनी ब्रेक दाबला.

बॉनेटखालून कर्रर्रकर्र असा आवाज आला, मिक्सरमध्ये सुकं खोबरं टाकल्यासारखा. पायाखालचा पत्रा, माझे पाय बधीर होतील एवढा थरथरला. आणि पेडल थडथड थडथड उडत होतं. त्यावर अप्पांचा अनवाणी पाय, माझ्या थेंबाचा फोड आलेला, पेडलबरोबर वरखाली नाचत होता. गाडी सरळ रेषेत, चाक न अडकता, जागेवर थांबली.

अप्पा समोर काचेतून बघत होते. त्यांनी मान हलवली.

"न्हाई," ते म्हणाले. "आजबी न्हाई."

मी पुन्हा खाली त्यांच्या पायाकडं बघितलं.

"परत एकदा," मी कशीबशी म्हणाले.

परत तेच. आवाज, थरथर, नाचणारा पाय. आणि अप्पांचं तोंड तसंच, कान देऊन बसलेल्या माणसासारखं, ज्याला काहीच ऐकू येत नाही.

"आवाज आला का तुम्हाला?"

"आवाज आला. पंपाचा असंल. पण पेडल न्हाई."

"गाडी बंद करा."

त्यांनी किल्ली फिरवली. गिअरमध्ये गाडी टाकली, हातब्रेक ओढला. सगळं रोजच्यासारखं, हातांचं काम चोख.

"अहो," मी म्हणाले, "जरा डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा म्हणते ना. आता पाय उचला, आणि परत ब्रेकवर ठेवा."

"काय पोरखेळ लावलाय?" तरी त्यांनी डोळे मिटले. पाय उचलला, ठेवला.

"ठेवला?"

"ठिवला."

"ब्रेकवरच?"

"मग कुठं? तीस वर्षं..."

"डोळे उघडा."

त्यांनी उघडले, आणि माझी नजर होती तिथं खाली बघितलं. पाय एक्सलेटरवर होता. अर्धा त्याच्यावर, अर्धा खालच्या रबरावर.

बराच वेळ आम्ही दोघं त्या पायाकडं बघत राहिलो, जणू तिसऱ्याच कुणाचा पाय गाडीत आलाय. मग अप्पांनी तो हातानं उचलला आणि बाजूला ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दसऱ्याच्या टायमाला मुंग्या येत व्हत्या. रात्रंदिवस. कुणाला सांगायचं म्हणून सांगितलं न्हाई. मग हळूहळू मुंग्या गेल्या." ते थांबले. "मला वाटलं, बरं झालं."

लिंबावर कावळे ओरडत होते. लांब कुठंतरी पाळी सुटल्याचा भोंगा झाला.

"म्हंजे ट्रॉलीला..." ते म्हणाले. "डब्याचं न्हवतंच ते."

"डबापण बिघडलेला होता. पाच डाग सुटले होते. मी बघितलं."

"मला समजूत घालू नकोस."

"समजूत नाही. खरं तेच सांगते. डबा बिघडला होता. तो नीट झालाय."

ते एकदम माझ्याकडं वळले. "एवढी एक खेप. हळू नेतो. चाळीसच्या वर न्हाई. डाव्या पायानं दाबतो. जाऊन लेक घिऊन येतो, मग किल्ली तुज्या हातात देतो. पुन्हा मागणार न्हाई. तुज्या गळ्याची आण."

उभ्या जन्मात त्या माणसानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी पदरानं तोंड पुसलं.

"त्या गाडीत उज्ज्वला मागं बसणार," मी म्हणाले. "मांडीवर सव्वा महिन्याची पोर."

त्यांनी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग लहान आवाजात म्हणाले, "आता लेकीला काय सांगायचं? बापाचा पाय मेला म्हणून? तिच्या सासरी सांगायचं? लिंब फाट्याची गोष्ट पुन्हा उकरतील, म्हणतील आंधळा डायवर आमच्या सुनंला..."

"मी सांगते," मी म्हणाले आणि फोन काढला. अप्पा हात वर करून थांब म्हणत होते. पण उज्ज्वलानं लगेच उचलला.

"आई? झालं?"

"नाही गं. माझ्याच्यानं झालं नाही. दोनदा उघडला, दोनदा डाग मारले. पिवळा पेटतोयच."

मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. आई, रेडिओला डाग मारले म्हणून ब्रेकला हात घालतात का? पुण्याला पाठवला असता तर... आता तर तो कायमचाच गेला असेल."

"गेला असेल. माझीच चूक."

"अप्पा चिडलेत का तुझ्यावर?"

मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं होतं. खांदे हलत होते.

"नाही," मी म्हणाले. "शांत आहेत. तुम्ही दुसरी गाडी करून या."

फोन बंद करून मी उतरले. बॉनेट कसं उघडतात ते चार दिवसांत बघून कळलं होतं. कनेक्टरची कडी वर उचलली आणि कनेक्टर थोडा ओढून ठेवला. मग बशीरना फोन केला. गाडी घरी न्यायची तर तिसरं माणूस लागणारच होतं.

बशीर त्यांच्या लुनावर आले. अप्पा लिंबाखाली दगडावर बसले होते, सँडल हातात. बशीरनी गाडीत बसून किल्ली फिरवली. पिवळा लागला आणि लागलेलाच राहिला.

"सकाळी तर इझला व्हता की, वहिनी."

"परत लागला. नाही झालं माझ्याच्यानं."

त्यांनी बॉनेट उघडलं. मी शेजारीच उभी. उभी कडी त्यांना दिसली. त्यांचा हात तिच्याकडं गेला, आणि थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मान वळवून लिंबाकडं, अप्पांकडं. अप्पा सँडल घालत होते. पायात जातेय की नाही हे डोळ्यांनी बघत बघत, हातानं एकेक बोट आत सारत. बशीर बघत राहिले. मग त्यांनी बॉनेट खाली ओढून लावलं, आवाज न करता.

"चला अप्पा," ते म्हणाले. "किल्ली माझ्याकडं. आज तुमी मागं बसा, सायबावानी."

गल्लीत गाडी थांबली तेव्हा चार बायका नळाला होत्या, दोन म्हातारे कट्ट्यावर. बशीर उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "सांगत व्हतो वहिनी, ह्यो मिक्सर न्हाई! गाडी पार निकामी केली तुमी. आता ही रस्त्यावर काढायची न्हाई, अप्पा. माझा शब्द हाय."

"न्हाई काढत," अप्पा म्हणाले.

सोमवारी उज्ज्वला आली, भाड्याच्या गाडीनं, जावईबापूंबरोबर. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवताना जावईबापू म्हणाले, "आई, आमचा रेडिओ बिघडलाय. पण तुम्हाला दाखवायचा धीर होत नाही." सगळे हसले, मीही हसले. अप्पा एकटे हसले नाहीत. उज्ज्वलानं बाळ त्यांच्याकडं धरलं, तर ते म्हणाले, "थांब, मला बसू दे आधी." भिंतीला पाठ टेकून पक्के बसले, मग दोन्ही हात पुढं केले.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना दवाखान्यात नेलं. रक्तात साखर होती, कैक वर्षांची असणार म्हणाले. डॉक्टरनी सांगितलं, "गेलेलं परत येईल असं नाही. पण आता पायाला काही लागलं तर ह्यांना कळणार नाही. दुसऱ्या कुणीतरी रोज बघायला हवं. बारीकशी जखमसुद्धा." तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली, की अप्पा ओसरीवर पाय पसरायचे आणि मी डोळ्याला भिंग लावायची. तळवा, टाच, मग एकेक बोट, बोटांच्या बेचक्या. कधी खडा रुतलेला सापडायचा, कधी केसाएवढी भेग.

"सापडला का लबाड डाग?" अप्पा विचारायचे.

"बॅटरी धरा नीट. हलू नका," मी म्हणायची.

गल्लीतले मिक्सर माझ्याकडं यायचे कमी झाले. हळूहळू बंदच झाले. बशीर मात्र त्यांचा टीव्ही, त्यांच्या पोरीची इस्त्री, न चुकता आणत राहिले. आणायचे ते भर दुपारी, सगळ्यांच्या देखत.

गाडी दारात ताडपत्रीखाली उभी होती. अप्पा आठवड्यातून एकदा ताडपत्री काढून ती पुसायचे. आत बसून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचे, अनवाणी. हातब्रेक सोडायचे नाहीत. पिवळा पेटलेला असायचा. चार-पाच वर्षांनी एका पाडव्याला मी गाडीला हार घालत होते, तेव्हा ते आतून म्हणाले, "ते एकदा जोड की."

मी बॉनेट उघडलं, कनेक्टर आत ढकलला, कडी खाली दाबली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी किल्ली फिरवली. पिवळा लागला. एक, दोन, तीन. विझला.

अप्पा त्या विझलेल्या जागेकडं बघत राहिले.

"झालंय की गं," ते म्हणाले.

"झालंच होतं."

त्यांनी माझा उजवा हात घेतला, चाकाला लावतात तसा कपाळाला लावला आणि सोडला. मग म्हणाले, "काढ परत. उज्ज्वला यायचीय जेवायला."

उज्ज्वलाला मी हे कधी सांगितलं नाही. तिनंच शिकवलेल्या अक्षरांत आता लिहून ठेवलंय.

बशीर मिस्त्री दोन हजार सतराला गेले, रमजानच्या महिन्यात. अप्पा गेले दोन हजार एकोणीस साली, माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, झोपेतच, हृदय थांबून. वय बहात्तर होतं. दोन्ही पाय शाबूत होते, दहाच्या दहा बोटं.